दर वाढवा म्हणणाऱ्यांत आता मीही

लहान मुलांना तपासणाऱ्या डॉक्टरांना सरकारी विम्याने जास्त पैसे द्यावेत, अशा अर्जावर मी सही केली तेव्हा घरात हशा पिकला. नवरा म्हणाला, "नीट वाचलंस ना? का कुणी तुझ्या नावाने केलीय सही?" मराठी मंडळाच्या सहलीत असो की दिवाळीच्या फराळाला, हा विषय निघाला की मी याच मागणीवर तुटून पडायचे, हे त्याने वर्षानुवर्षं ऐकलेलं. न्यू जर्सीत बालरोगतज्ज्ञ असलेली माझी एक मैत्रीण आहे, मूळची दादरची. ती म्हणायची, "मेडिकेडचे दर वाढल्याशिवाय या मुलांचं काही खरं नाही गं." आणि मी म्हणायचे, "म्हणजे आधी तुझी गाडी बदलायची, मग मुलांचं बघायचं." तरी तिने बोलणं टाकलं नाही, हा तिचा मोठेपणा.

माझं म्हणणं साधं होतं. सरकारकडे पैसा मोजका. तो जी मुलं विम्याबाहेर आहेत त्यांना आत आणायला वापरा. डॉक्टर काही उपाशी नाहीत.

यामागे थोडं मिरजेचं पाणीही होतं. मी मिरजेत वाढले. दर चार घरांआड दवाखाना असलेल्या त्या गावात डॉक्टर या जमातीबद्दल आदर आणि संशय दोन्ही एकाच वाटीतून पाजतात. देवमाणूस म्हणावेत असे डॉक्टर पाहिले, आणि कोणत्या लॅबला पेशंट पाठवला की किती टक्के सुटतात याची उघड चर्चाही ऐकली. पुढे डॉ. अरुण गद्रे आणि डॉ. अभय शुक्ला यांचं 'डिसेंटिंग डायग्नोसिस' वाचलं. डॉक्टरांनीच कट प्रॅक्टिसवर बोट ठेवलेलं पाहून माझा संशय आणखी पक्का झाला. तो संशय मी सामानाबरोबर अमेरिकेत आणला आणि इथल्या व्यवस्थेला जसाच्या तसा चिकटवला.

इथली व्यवस्था मात्र वेगळी आहे, आणि ती थोडी सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. अमेरिकेत सगळ्यांसाठी एक सरकारी विमा नाही. पासष्टीपुढच्यांसाठी मेडिकेअर आणि गरिबांसाठी मेडिकेड. दोन्हींवर राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांची सही एकाच दिवशी झाली, ३० जुलै १९६५ रोजी. पण जुळ्या भावंडांचं नशीब वेगळं निघालं. मेडिकेअर केंद्राचं, त्यामुळे त्याचे दर केंद्र ठरवतं. मेडिकेडचा खर्च केंद्र आणि राज्य वाटून घेतात, आणि डॉक्टरला किती द्यायचं ते राज्य ठरवतं. राज्याचं बजेट आखडलं की कात्री चालवायला सगळ्यांत सोपी जागा हीच, कारण दर कमी केले तर कोणाचं कार्ड रद्द होत नाही आणि पेपरात मथळा येत नाही. १९९७ मध्ये, मेडिकेडच्या उत्पन्नमर्यादेच्या थोडं वर असलेल्या घरांतल्या मुलांसाठी 'चिप' ही योजना आली. आज देशातल्या दहातल्या जवळजवळ चार मुलांचा विमा या दोहोंपैकी एक असतो. म्हणजे ही कुठल्या कोपऱ्यातल्या गोरगरिबांची सोय राहिलेली नाही. अमेरिकेतल्या बालपणाचा हा सर्वांत मोठा विमा आहे.

न्यू जर्सीत या सगळ्याला 'एनजे फॅमिलीकेअर' म्हणतात. मुलं शाळेत गेली की मी वाचनालयातल्या एका टेबलावर बसून लोकांना त्याचे फॉर्म भरून द्यायचे. पगाराची चिठ्ठी कुठे लावायची, घरात माणसं किती धरायची, नूतनीकरणाचं पत्र आलं तर ते जाहिरात समजून फेकायचं कसं नाही, ही कामं. १ जानेवारी २०२३ पासून राज्याने कागदपत्रं नसलेल्या कुटुंबांतल्या मुलांनाही, उत्पन्नाच्या अटीत बसत असतील तर, दार उघडलं. त्या काळात माझा उत्साह काय सांगावा. एखाद्या बाईच्या हातात तिच्या तीन मुलांची तीन कार्डं आली की माझ्या लेखी काम संपलं. कार्ड मिळालं म्हणजे डॉक्टर मिळाला, हे मी इतकं गृहीत धरलं होतं की ते गृहीतक आहे हेसुद्धा मला माहीत नव्हतं.

मग मी बिलिंगचा कोर्स केला आणि लहान मुलांच्या एका दवाखान्यात कामाला लागले. मैत्रिणीच्या नाही, दुसऱ्याच.

बिलिंगमध्ये डॉक्टरची प्रत्येक कृती पाच आकड्यांच्या कोडमध्ये उतरते. ९९२१३ म्हणजे आधीपासूनच्या पेशंटची कमी गुंतागुंतीची भेट. आठ वर्षांच्या मुलीचा कान दुखतोय, तिलाही हाच कोड लागू शकतो आणि अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आजोबांच्या गुडघ्यालाही. कोड तोच, नियम तेच, लिहायच्या नोंदी त्याच. पैसे मात्र वेगळे. आजोबांचे मेडिकेअरने येतात, मुलीचे मेडिकेडने. २०१९ च्या देशभरच्या तुलनेत प्राथमिक सेवेसाठी मेडिकेडचा दर मेडिकेअरच्या सरासरी दोन तृतीयांश निघाला होता. अलास्का, मोंटाना यांसारखी राज्यं त्या वर्षी मेडिकेअरहूनही जास्त देत होती, तर ऱ्होड आयलंड आणि आमचं न्यू जर्सी तळाच्या बाजूला होतं. तेव्हा मिरजेहून आलेल्या माझ्या संशयाला पहिल्यांदा दुसरा प्रश्न पडला. आजोबांच्या गुडघ्याला जास्त आणि नातीच्या कानाला कमी, हे ठरवलं कोणी? उत्तर असं की मुद्दाम कोणीच नाही. आजोबा मत देतात, एवढंच.

आता एका भेटीत काय काय असतं ते मी टेबलाच्या आतल्या बाजूने पाहायला लागले. लहान मुलांच्या डॉक्टरकडे शस्त्रक्रिया नाहीत, स्कोप नाहीत, महागड्या चाचण्या नाहीत. मोठ्यांच्या डॉक्टरला तपासणीत तोटा झाला तर तो प्रोसिजरमध्ये भरून काढतो. मुलांच्या डॉक्टरकडे विकायला फक्त वेळ असतो, आणि मुलं वेळ खातात. दोन वर्षांचं पोर स्टेथोस्कोप बघून भोकाड पसरतं. आई काळजीत, आजी फोनवरून सूचना देतेय. नर्स वजन-उंची घेऊन वाढीच्या आलेखावर टिंब ठेवते, विकासाची प्रश्नावली भरून घेते. लसीबद्दल पालकांना शंका असेल तर पंधरा मिनिटं त्यातच. मग शाळेचा फॉर्म, शिबिराचा फॉर्म, दम्याचा आराखडा, पंपाला विम्याची पूर्वपरवानगी. यातल्या निम्म्या कामाला कोडच नाही.

लसींची गोष्ट तर वेगळीच. १९८९ ते ९१ मधल्या गोवराच्या साथीत सव्वाशेच्या आसपास बळी गेल्यावर केंद्राने मेडिकेडच्या आणि विमा नसलेल्या मुलांसाठी लस मोफत द्यायची योजना आणली, ती १९९४ पासून चालू आहे. योजना उत्तम. पण लस मोफत म्हणजे लस टोचणं मोफत होत नाही. सरकारी साठा खाजगी साठ्यापासून वेगळा ठेवायचा, फ्रिजचं तापमान यंत्राने चोवीस तास नोंदवायचं, प्रत्येक बाटलीचा हिशेब द्यायचा. आमच्या दवाखान्यात एकदा रात्री वीज गेली, तर नर्स मध्यरात्री गाडी काढून लसी हलवायला आली. तिच्या त्या रात्रीचं बिल मी कोणाला पाठवणार?

आणखी दोन नियम आहेत, दोन्ही मला पूर्वी फार आवडायचे आणि अजूनही आवडतात. मेडिकेडने जे दिलं त्यावर डॉक्टरला पालकांकडून वरचे पैसे घेता येत नाहीत. आणि अपॉइंटमेंट चुकली तर दंडही लावता येत नाही. हे बरोबरच आहे. ज्या बाईची बस चुकते तिला आणखी पंचवीस डॉलरचा भुर्दंड कशाला? पण याचा अर्थ असा की मेडिकेडचा दर हीच दवाखान्याची संपूर्ण मिळकत. भाडं तेच, नर्सचा पगार तोच, मिळकत निम्मी, आणि रिकामी गेलेली वेळ पूर्ण दवाखान्याच्या अंगावर.

मग दवाखाने काय करतात? "आम्ही मेडिकेड घेत नाही" असं सहसा कोणी म्हणत नाही. म्हणतात, "त्या प्लॅनचे नवीन पेशंट सध्या घेत नाही." हे वाक्य मी फोनवर किती वेळा बोलले त्याचा हिशेब नाही. एकदा समोरच्या बाईने नाव सांगितलं, आणि मला ते ओळखीचं वाटलं. वाचनालयातल्या टेबलावर मीच तिचा फॉर्म भरला होता. तिने मला ओळखलं नाही आणि मी ओळख दिली नाही. प्लॅनच्या डिरेक्टरीतले पुढचे तीन नंबर तिला दिले. त्यातला एक डॉक्टर निवृत्त झालेला होता, हे मला नंतर कळलं.

आमच्या दवाखान्याचे मालक डॉक्टर लोभी होते का? त्यांचे हिशेब माझ्या हातात होते, म्हणून सांगते. नव्हते. मेडिकेडची मुलं एकूण पेशंटांच्या एका मर्यादेपलीकडे गेली की खाजगी विम्याच्या पेशंटांमधून तूट भरून निघेना, म्हणून त्यांनी ती मर्यादा आखली होती. श्रीमंत गावातल्या दवाखान्याला ती आखावी लागत नाही, तिथे मेडिकेडची मुलंच थोडी. गरीब वस्तीतल्या दवाखान्यात भरून काढायला खाजगी पेशंट नाहीत. जिथे मुलं जास्त तिथेच दवाखाना टिकत नाही. केंद्राच्या अनुदानावरच्या सामुदायिक आरोग्य केंद्रांना प्रत्येक भेटीमागे वेगळ्या सूत्राने बरे पैसे मिळतात, म्हणून ती तग धरून आहेत. हे सूत्र पाहिल्यावर मला मैत्रिणीची आठवण झाली: सरकारला दर आणि दार यांचं नातं चांगलंच ठाऊक आहे, ते काही ठिकाणीच मान्य केलंय इतकंच.

एका दवाखान्याच्या अनुभवावरून मत बदलणं मला पटेना. मी वाचायला घेतलं. २०११ मध्ये जोआना बिसगेयर आणि कॅरिन ऱ्होड्स या संशोधकांचा शिकागो भागातला अभ्यास प्रसिद्ध झाला. आई असल्याची बतावणी करून विशेषज्ञांच्या २७३ दवाखान्यांना प्रत्येकी दोनदा फोन केले. मुलाचा आजार तोच, फक्त विमा बदलायचा. सरकारी विमा सांगितला तर ६६ टक्के वेळा नकार, खाजगी सांगितला तर ११ टक्के. जे दवाखाने दोन्ही घेत होते तिथेही सरकारी विम्याच्या मुलाला सरासरी २२ दिवस जास्त थांबायचं. आजारांच्या यादीत हाताचं हाड मोडलेलं मूलही होतं.

माझी जुनी बाजू लढवायची म्हणून मी पुढचा मुद्दा काढला: नकार मिळतो हे खरं, पण दर वाढवून तो कमी होतो याला पुरावा काय? पुरावा ओबामांच्या आरोग्य कायद्यात सापडला. २०१३ आणि २०१४ ही दोन वर्षं प्राथमिक सेवेचे मेडिकेड दर मेडिकेअरइतके करायचे आणि वाढीचा सगळा खर्च केंद्राने उचलायचा, असं त्यात होतं. बालरोगतज्ज्ञही त्यात आले. दहा राज्यांत असेच बनावट फोन करून पाहिलं गेलं, त्यांत न्यू जर्सीही होतं. फोन मोठ्या माणसांच्या नावाने होते, मुलांच्या नव्हे, हे सांगायला हवं. मेडिकेडच्या नव्या पेशंटला अपॉइंटमेंट मिळण्याचं प्रमाण ५८.७ वरून ६६.४ टक्क्यांवर गेलं. जिथे दर जास्त वाढले तिथे सुधारणाही जास्त. खाजगी विम्यात फरक पडला नाही. दुसरीकडे, मेडिकेड घेणाऱ्या डॉक्टरांची संख्या फारशी वाढली नाही, असं सांगणारे अभ्यासही आहेत, आणि मी ते मैत्रिणीच्या तोंडावर मारले. ती शांतपणे म्हणाली, "दोन वर्षांसाठी वाढलेल्या दरावर तू नवीन नर्स कायमची नेमशील?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण आमच्याकडेही नेमली नव्हती. कित्येक राज्यांत तर वाढीव पैसे हातात येईपर्यंत पहिलं वर्ष अर्धं सरलं होतं.

माझं मत शेवटी वळलं ते डायन अलेक्झांडर आणि मॉली श्नेल या दोघी अर्थतज्ज्ञांच्या कामाने. त्यांनी याच दरवाढीचा पाठपुरावा केला. दर वाढले तसं पालकांना मुलांसाठी डॉक्टर मिळणं सोपं झालं, आणि प्राथमिक शाळेतल्या मुलांच्या गैरहजेऱ्या घटल्या. मेडिकेड आणि खाजगी विमा यांच्या दरांतली दरी बुजवली तर मुलांच्या बाबतीत डॉक्टर मिळण्यातली तफावत जवळपास संपेल, असा त्यांचा अंदाज. मोठ्यांच्या बाबतीत दोन तृतीयांशाहून अधिक. गैरहजेरीचा तो निष्कर्ष मी दोनदा वाचला. डॉक्टरच्या खिशात गेलेला पैसा शाळेच्या हजेरीपटावर दिसतो, ही गोष्ट माझ्या जुन्या मांडणीत कुठेच बसत नव्हती.

तरी मी मैत्रिणीची पूर्ण चेली झालेले नाही.

पहिलं म्हणजे, दर हा फक्त फी-तक्त्यावरचा आकडा नसतो. मी दिवसभर जे करते ते सांगते. क्लेम पाठवायचा, तो परत येतो. कधी जन्मतारखेत घोळ, कधी तपासणी आणि लस एकाच दिवशी झाली म्हणून कोडला जोडायच्या 'मॉडिफायर २५'वरून वाद, कधी मूल महिन्याच्या मधेच एका प्लॅनमधून दुसऱ्यात गेलेलं आणि दोन्ही प्लॅन एकमेकांकडे बोट दाखवतात. पुन्हा पाठवा, अपील करा, फोनवर संगीत ऐकत बसा. वीस-तीस डॉलरसाठी माझा अर्धा तास जातो, मग डॉक्टर म्हणतात सोडून द्या. अर्थतज्ज्ञांनी याचाही हिशेब मांडलाय: बिलांच्या अशा कटकटीत डॉक्टर मेडिकेडच्या उत्पन्नाचे १७-१८ टक्के गमावतात, मेडिकेअरमध्ये ५ टक्क्यांच्या आसपास, खाजगी विम्यात ३ टक्क्यांच्या आत. म्हणजे आधीच कमी असलेल्या दरातून आणखी एक गुपचूप कपात. सरकारने उद्या दर वाढवला आणि नकारांचा हा कारखाना तसाच ठेवला, तर वाढीतला मोठा वाटा माझ्यासारख्या बिलरच्या पगारात जाईल. मला चालेल, पण त्यासाठी मी अर्जावर सही केली नव्हती.

दुसरं, बहुतेक राज्यांत मुलांचं मेडिकेड खाजगी कंपन्यांच्या प्लॅनमार्फत चालतं. राज्य प्लॅनला दर मुलामागे दरमहा ठरावीक रक्कम देतं. तिथे पैसा ओतला म्हणजे तो दवाखान्यापर्यंत झिरपेलच असं नाही. इतका दर डॉक्टरला द्याच, असं राज्याने कंपनीला बजावलं तरच. पूर्वी मी सगळा संशय डॉक्टरवर खर्च करत होते, आता त्याची वाटणी जरा न्यायाने करते.

आणि तिसरं, कार्डांचं माझं जुनं वेड मी सोडलेलं नाही. २००७ मध्ये मेरीलँडमध्ये बारा वर्षांचा एक मुलगा दाताच्या संसर्गाने गेला. संसर्ग मेंदूपर्यंत पोचला होता. ऐंशी डॉलरमध्ये दात काढून झाला असता. शस्त्रक्रिया आणि रुग्णालय यांवर अडीच लाख डॉलरच्या आसपास खर्च झाले. दर वाढवा म्हणणारे ही गोष्ट नेहमी सांगतात, कारण घरातली माणसं त्याच्या भावाच्या दातांसाठी मेडिकेड घेणारा डॉक्टर शोधत दमली होती. पण त्या धावपळीत कुटुंबाचं मेडिकेडही खंडित झालं होतं, हे त्याच गोष्टीत आहे. ज्याला जे हवं ते तो त्यातून उचलतो. मीही वर्षानुवर्षं फक्त दुसरा अर्धा भाग उचलत होते. मेरीलँडने पुढे दंतसेवेचे दर वाढवले आणि कारभारही बदलला, दोन्ही.

कायदा काय म्हणतो, तर मेडिकेडच्या पेशंटला सर्वसाधारण लोकांइतकी सेवा मिळेल एवढे दर असावेत, असं केंद्रीय कायद्यात लिहिलेलं आहे. फ्लोरिडातल्या बालरोगतज्ज्ञांनी आणि मुलांनी याच कलमावर २००५ मध्ये खटला भरला. निकाल त्यांच्या बाजूने लागला तो २०१४ च्या शेवटच्या दिवशी. खटल्याच्या सुरुवातीला बाळ असलेलं मूल तोवर चौथीत गेलं असेल. तीनच महिन्यांनी, मार्च २०१५ मध्ये, आयडाहोच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी सांगितलं की दर पुरेसे नाहीत म्हणून सेवा देणाऱ्यांना न्यायालयात जाता येणार नाही. फ्लोरिडातलं प्रकरण पुढच्या वर्षी तडजोडीने मिटलं. कलम आहे, ते बजावून घ्यायची वाट मात्र बुजली.

गावाकडचे नातेवाईक विचारतात, तिकडे एवढा गोंधळ, मग आपल्याकडे बरं की काय? मी म्हणते, आपल्याकडे महात्मा फुले योजनेत किंवा आयुष्मान भारतात मुलाच्या साध्या ओपीडी तपासणीचा दरच नाही. पैसे मिळतात ते भरती झाल्यावर. त्यामुळे हा वाद अजून आपल्या वाट्याला आलेला नाही, एवढंच.

पैशाचा प्रश्न मात्र माझ्या जुन्या बाजूने अजून सुटत नाही. जुलै २०२५ च्या कायद्याने दहा वर्षांत मेडिकेडवरचा केंद्राचा खर्च नऊशे अब्ज डॉलरच्या घरात कमी होणार आहे. अशा वेळी राज्यांकडे दर वाढवून मागणं म्हणजे पुन्हा तीच निवड: दर की कार्डं. फरक इतकाच की पूर्वी मी हे विचारायचे तेव्हा दर सोडून द्यायला मला काहीच वाटत नसे. शिवाय मुलांची सेवा स्वस्त असते. मुलं संख्येने खूप, पण मेडिकेडचा खर्च मुख्यतः वृद्ध आणि अपंगांच्या काळजीवर होतो. दवाखान्यातल्या भेटींचे दर वाढवणं हा त्यातला लहान तुकडा आहे. आणि न वाढवण्याची किंमत दिसू लागली आहे: २०२४ मध्ये बालरोगाच्या प्रशिक्षणाच्या अडीचशेच्या आसपास जागा पहिल्या फेरीत रिकाम्या राहिल्या. कर्ज काढून शिकलेली मुलं सर्वांत कमी मिळकतीच्या शाखांकडे पाठ फिरवतात, त्यांना दोष कसा द्यायचा?

२०२४ च्या केंद्रीय नियमाने राज्यांवर अशी अट घातलीय की १ जुलै २०२६ पर्यंत त्यांनी आपले मेडिकेड दर उघड करावेत आणि प्राथमिक सेवेचे दर मेडिकेअरशेजारी मांडून दाखवावेत. हे आकडे समोर आले की पुढे काय मागायचं, यावरच मैत्रीण आणि मी सध्या भांडतोय. तिला पूर्ण मेडिकेअरचा दर हवा, बिनशर्त. माझं म्हणणं, जो वाढीव दर घेईल त्याने मेडिकेडच्या नव्या मुलांसाठी यादी उघडी ठेवल्याचं दाखवावं, आणि सरकारने बनावट फोन करून ते तपासावं. ती म्हणते, अशी अट घातलीस तर छोटे दवाखाने घाबरून योजनेबाहेरच जातील. मी म्हणते, दर बरा असेल तर नाही जाणार. गेले तर मला आकडे दाखव. ती म्हणते, बिलिंग शिकल्यापासून तू फारच आकडे मागायला लागलीस.